कोर्सचे पैसे नकोत, दोन वर्षं माग

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. यंदा गणित घेऊन बीएस्सी झाले, ६८ टक्के मिळाले. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून. मला आयटीत जायचं आहे. चुलतभावाच्या ओळखीने पुण्यातल्या एका क्लासची माहिती मिळाली. सहा महिन्यांचा फुल स्टॅक जावाचा कोर्स, फी ८५ हजार, शंभर टक्के नोकरीची हमी आणि सहा लाखांचं पॅकेज, असं ते सांगतात. फ्रेशरला कुणी घेत नाही, म्हणून दोन वर्षांच्या अनुभवाची सोय करून देऊ, असंही म्हणाले. ५ हजार भरून जागा धरली आहे, बाकीचे १५ तारखेपर्यंत द्यायचे आहेत. नाहीतर हप्त्यांवर कर्ज करून देतो म्हणतात. वडील म्हणतात, "तू शिक, पैसासनं मी देखी लेसू." पण आमच्याकडे पैसा कापूस विकल्यावरच येतो, म्हणजे आता ते कुणाकडून तरी उचलणार. मामा म्हणतात, एमएस-सीआयटी आणि टॅली कर, जळगावला कुठेही लागशील. मैत्रीण म्हणते टेस्टिंग कर, त्यात कोडिंग नसतं. कुणी डेटा सायन्स सुचवतं, तर कुणी म्हणतं एआय आलंय, आता त्या लाइनीत जाऊच नको. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली आहे, म्हणून मला सहा महिन्यांत पायावर उभं राहायचं आहे. कोणता कोर्स करू? कृपया नाव छापू नका.

उत्तर :

प्रिय लेकी,

१५ तारखेला बाकीचे ८० हजार भरू नकोस. हे आधी सांगते, कारण बाकीचं उत्तर सावकाश वाचता येईल, ती तारीख मात्र थांबणार नाही. भरलेले ५ हजार परत मिळावेत म्हणून क्लासला ईमेलने लेखी कळव, सोबत पावतीचा फोटो जोड. मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले तर त्यांच्यावर पाणी सोड. ५ हजार वाया जातील या भीतीने आणखी ८० हजार घालणं हा कुठलाच हिशेब नाही.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय खुपलं असेल तर ती अनुभवाची सोय. ती कशी होते ते सांगते. एखाद्या नावापुरत्या कंपनीचं अनुभवपत्र, पगाराच्या खोट्या स्लिपा आणि मुलाखतीत म्हणून दाखवायला पाठ करून घेतलेला एक प्रोजेक्ट. ज्या दोन वर्षांत तू कॉलेजात बसून गणिताचे पेपर देत होतीस, त्याच दोन वर्षांत तू पुण्यात नोकरी करत होतीस, असं त्या कागदावर असतं. कंपन्या माणूस घेताना, कधी घेतल्यानंतरही, त्याची मागची माहिती तपासतात. पीएफचा यूएएन नंबर असतो. कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यात तुझ्या नावे पैसे भरले ते त्यात दिसतं. तिथे काहीच नसलं की विचारणा होते, आणि तुझ्या पदवीचं वर्ष तर समोर असतंच. मग नोकरी जाते, कधी रुजू होऊन वर्ष उलटल्यावर जाते. क्लास तोवर पुढच्या बॅचची फी घेत असतो. जी मुलं सापडत नाहीत त्यांचेही हाल असतात. दोन वर्षांच्या अनुभवी माणसाचं काम अंगावर पडतं, ते येत नसतं, आणि येत नाही हे शेजारच्याला सांगायची सोय नसते. तू ६८ टक्के स्वतःच्या कष्टाने मिळवलेस, लेकी. तुझ्या नोकरीचा पहिलाच कागद खोटा नसावा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता हमीचं. क्लासमध्ये जे तोंडी सांगतात आणि करारात जे छापलेलं असतं त्यात अंतर असतं. करारात बहुतेक वेळा 'प्लेसमेंट असिस्टन्स' असं लिहिलेलं असतं, म्हणजे मुलाखतीला पाठवू, एवढंच. त्यातही हजेरीची अट असते, सराव परीक्षांतल्या गुणांची असते, आणि ठरावीक मुलाखतींत निवड झाली नाही तर क्लासची जबाबदारी संपते. हप्त्यांचं कर्ज म्हणजे तुझ्या किंवा वडिलांच्या नावावर एका फायनान्स कंपनीने दिलेलं कर्ज. रक्कम क्लासच्या खात्यात एकदम जमा होते. शिकवणं पटलं नाही म्हणून तू दुसऱ्या महिन्यात घरी आलीस तरी हप्ता चालूच राहतो. तो चुकला की वडिलांच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, चढतो. पीककर्जाला सिबिल लावू नका असं सरकार बँकांना बजावत असतं, पण शाखेत गेल्यावर काय अनुभव येतो ते तुझ्या वडिलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

पुण्यात सगळेच क्लास असे नाहीत. मन लावून शिकवणारे आहेत, आणि त्यांच्याकडे शिकून उभी राहिलेली आपल्या भागातली पोरंही आहेत. पुढे कधी क्लास लावायची वेळ आलीच तर तीन दिवस वर्गात बसू द्या म्हणावं. कराराची प्रत एक दिवस आधी घरी आणून वाचावी. मागच्या बॅचच्या मुलांशी बोलावं, पण क्लासने ज्यांचे नंबर दिले त्यांच्याशी नव्हे. लिंक्डइनवर त्या क्लासचं नाव टाकून आपण शोधलेल्यांशी. आणि मूळ गुणपत्रिका कुणाच्याही कपाटात ठेवू नये.

तू विचारलंस, कोणता कोर्स करू. मी तुला आधी दुसरंच विचारते. आयटीतला माणूस सकाळी दहा ते संध्याकाळी सात काय करतो, हे तू कधी जवळून पाहिलं आहेस का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही, आणि त्यात तुझा दोष नाही. आपल्याकडे शेती दिसते, दुकान दिसतं, शाळा, दवाखाना, बँक दिसते. हे काम दिसत नाही. म्हणून कोर्सची नावंच कामाची नावं वाटायला लागतात. तेव्हा आधी कामं थोडक्यात सांगते.

डेव्हलपमेंट म्हणजे प्रोग्रॅम लिहिणं. पण दिवसाचा मोठा भाग दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून, कुठे बिघडलंय ते शोधण्यात जातो. टेस्टिंग म्हणजे बनलेली गोष्ट मोडून पाहणं. त्यात कोडिंग नसतं हे तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं जुनं झालं. हाताने बटणं दाबून तपासायची कामं कमी होत गेली आहेत, आता सेलेनियमसारखी आपोआप तपासणी करणारी साधनं लागतात आणि त्यासाठी जावा किंवा पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा यावीच लागते. सपोर्ट, नेटवर्क, क्लाउड ही तिसरी वाट. लिनक्स, नेटवर्किंग, कंपनीचे सर्व्हर चालू ठेवणं, आणि बहुतेक ठिकाणी रात्रपाळी. ज्याला वस्तू उघडून दुरुस्त करायची हौस आहे, त्याने सीसीएनएसारखी नेटवर्किंगची परीक्षा देऊन या वाटेने जावं. मला तुझ्या पत्रात ती हौस दिसली नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

चौथी वाट डेटाची. इथे मला तुझ्यासाठी जागा दिसते, कारण तू तीन वर्षं गणित केलं आहेस. पण डेटा सायन्स हे भारी नाव घेऊन सुरुवात करू नकोस. नुसता कोर्स केलेल्या फ्रेशरला ते काम सहसा मिळत नाही. खालच्या पायरीवर एक काम असतं, माहिती नीट साठवणं आणि तिच्यातून विचारलेलं उत्तर काढणं. त्यासाठी एसक्यूएल लागतं, म्हणजे साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायची भाषा. आणि एसक्यूएल असं आहे की तू डेव्हलपर झालीस, टेस्टर झालीस, सपोर्टला गेलीस, तरी ते लागतंच. म्हणून माझा आग्रह आहे की सुरुवात तिथून कर. एक रुपया न भरता, घरी, येत्या दोन महिन्यांत.

कसं ते सांगते. तुमच्या घरी दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होईल. वेचणीला येणाऱ्या बायांचा हिशेब कोण ठेवतं? आई किंवा वडील, आणि एखाद्या वहीत. तारीख, नाव, किती किलो वेचला, किलोमागे दर काय, उचल किती दिली. ती वही घे आणि तिचा डेटाबेस कर. मायएसक्यूएल किंवा एसक्यूलाइट हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जुन्या लॅपटॉपवर चालतं, ४ जीबी रॅम असली तरी अडत नाही.

पहिल्याच दिवशी अडचण येईल. दोन सुनंदाबाई असतील. वहीत आई 'वरच्या आळीची' असं लिहिते, पण मशिनला आळी कळत नाही. मग प्रत्येक बाईला एक वेगळा नंबर द्यावा लागेल. त्यालाच प्रायमरी की म्हणतात. मग बायांचा एक तक्ता, रोजच्या वेचणीचा दुसरा, उचलीचा तिसरा, आणि हे तीन एकमेकांना जोडायचे. आठवड्याच्या बाजारच्या आदल्या दिवशी प्रत्येकीला किती द्यायचे, हे एका प्रश्नात काढायचं. इथे तू बहुधा एक चूक करशील, आणि ती झालीच पाहिजे. उचलीचा आणि वेचणीचा तक्ता सरळ जोडशील, आणि ज्या बाईने दोनदा उचल घेतली तिची वेचणीही दुप्पट दिसेल. वहीतला आकडा वेगळा, मशिनचा वेगळा. तेव्हा रडू नकोस. दोन्ही बेरजा आधी वेगवेगळ्या कर, मग जोड.

आणखी एक. हंगाम पुढे गेला की बोंडं विरळ होतात, बाया दर वाढवून मागतात. तू जर दर एकाच ठिकाणी लिहून ठेवला असशील आणि तो बदललास, तर मागच्या महिन्याचे चुकते केलेले हिशेबसुद्धा बदलून जातील. दर तारखेसोबत ठेवावा लागतो, हे तुला त्या दिवशी कळेल आणि जन्मभर लक्षात राहील. बँकेचं व्याज असो, विजेचं बिल असो, मोठमोठ्या प्रणालींत याच प्रश्नावर माणसं डोकं लावत बसलेली असतात.

हे दोन महिने करून बघ. रात्री अकरा वाजता बेरीज जुळत नाही आणि तरी उठावंसं वाटत नाही, असं झालं तर हे काम तुझं आहे. कंटाळा आला, डोकं दुखलं, उद्या बघू म्हणून चार दिवस लॅपटॉप उघडला नाहीस, तर तेही मोलाचं उत्तर आहे. ते ८५ हजार न घालवता मिळालेलं असेल. मग मला पुन्हा लिही, आपण दुसरं बघू. गणित घेतलेल्या मुलीला वाटांचा तोटा नाही.

जोडीला पायथन शिक. जावा का नको? जावाला माझा विरोध नाही, पुढे एमसीएला, म्हणजे संगणकाच्या पदव्युत्तर पदवीला, ती येईलच. पण एकटीने घरी शिकणाऱ्याला पायथन लवकर हाताशी येते, आणि डेटाच्या कामात तीच चालते. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीतल्या आणि तसल्याच नामवंत संस्थांमधल्या प्राध्यापकांचे पायथनचे कोर्स फुकट आहेत. पूर्ण नवख्यांसाठी आयआयटी रोपडच्या सुदर्शन अय्यंगार यांचा आहे. तो झाल्यावर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा कर, गणिताच्या मुलीला तो आवडेल. शिकायला पैसे नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं १ हजाराच्या आसपास शुल्क असतं आणि ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते. त्या प्रमाणपत्रापेक्षा दर आठवड्याला सोडवलेले स्वाध्याय मोठे समज.

आता पदवीचं. माझं स्पष्ट मत आहे की तू एमसीए करावंस. २०२०पासून एमसीए दोन वर्षांचं झालं आहे. संगणक विषय नसला तरी बारावीला किंवा पदवीला गणित असलेल्यांना ते खुलं आहे. पदवीला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. संगणकाचे पायाभूत विषय भरून काढायला ब्रिज कोर्स असतो. राज्याच्या सीईटी सेलची एमसीएची वेगळी परीक्षा होते. त्यात गणित-सांख्यिकी, तर्कबुद्धी, इंग्रजी आणि संगणकाची तोंडओळख असते. पहिल्या दोन भागांत तू बहुतेकांच्या पुढे असशील. यंदाची सीईटी तू दिलेली दिसत नाही, म्हणजे प्रवेश पुढच्या वर्षीचा. अर्ज साधारण वर्षाच्या सुरुवातीला निघतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास असते. सीईटी सेलचं संकेतस्थळ डिसेंबरपासून दर आठवड्याला उघडून बघत जा.

तुझ्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते तुझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी आहे. जुलै २०२४मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला. व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, प्रवेश घेणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं, आणि मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास किंवा इतर मागास प्रवर्गातली हवी. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आधीपासून आहेत. खासगी विनाअनुदानित कॉलेजलाही हे लागू आहे, पण व्यवस्थापन कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतलास तर नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर दरवर्षी करायचा. म्हणजे ज्या ८५ हजारांसाठी वडील उचल घ्यायला निघाले आहेत, त्याहून कितीतरी जास्त किमतीचं शिक्षण तुला फीशिवाय मिळू शकतं. राहण्या-जेवणाचा आणि किरकोळ शुल्कांचा खर्च येईल, तो मात्र धरून चल.

यासाठी कागद आत्ताच काढायला घे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, प्रवर्गाप्रमाणे नॉन क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस. राखीव जागेवर प्रवेश घेणार असशील तर जात पडताळणी. तिला महिने लागतात, आणि ऐन प्रवेशाच्या वेळी पडताळणी समितीच्या दारात उभी असलेली मुलं दरवर्षी दिसतात. पारोळ्याच्या सेतूत आता फारशी गर्दी नसेल.

कॉलेज कुठलं? जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या संगणकशास्त्र प्रशाळेत शिकता येईल. जळगाव आणि शिरपूरच्या काही कॉलेजांतही एमसीए आहे. सीईटीत फारच चांगले गुण पडले तर मुंबईच्या व्हीजेटीआयचं नाव पर्यायांत वर टाक. पुणेच पाहिजे असा हट्ट धरू नकोस. मात्र कॉलेज ठरवण्याआधी मागच्या दोन बॅचची मुलं कुठे लागली ते त्या मुलांनाच विचार. जळगावला एसटीने जाऊन एक दिवसात हे काम होतं, आणि महिलांना तिकीट अर्धं आहे.

एमसीएनंतरही हवी तशी नोकरी लागली नाही, तर सी-डॅकचा पीजी-डॅक हा सहा महिन्यांचा कोर्स आहे. तो सरकारी संस्थेचा, कस लागणारा, आणि प्रवेश परीक्षा देऊनच मिळणारा. फी तिथेही लाखाच्या घरात जाते, पण त्या पैशांमागे नाव आणि काम दोन्ही आहे. आत्ता नुसत्या बीएस्सीवर त्याला बसता येत नाही. इंजिनिअरिंगची पदवी, एमसीए किंवा ठरावीक विषयांतली एमएस्सी लागते. "आमचा कोर्स सी-डॅकसारखाच" असं कुणी क्लासवाला म्हणाला, तर हे लक्षात असू दे.

या वर्षात आणखी एक दार उघडं आहे, आणि ते लवकर बंद होतं. विप्रो, टीसीएस अशा कंपन्या बीसीए आणि बीएस्सीच्या मुलांसाठी वेगळी भरती करतात, गणिताचे विद्यार्थीही त्यात बसतात. विप्रोच्या योजनेत नोकरी करता करता कंपनीच्या खर्चाने एमटेक होतं, त्या बदल्यात काही वर्षं तिथे राहायचा करार असतो. ही भरती साधारण त्याच वर्षी पास झालेल्यांसाठी असते, म्हणून कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर जाऊन आत्ताच नोंदणी कर. ज्या भरतीत कुणी पैसे मागेल, ती भरती खोटी. परीक्षेत तर्क, गणित, इंग्रजी विचारतात, म्हणजे सीईटीचा आणि याचा अभ्यास बराचसा एकच. लागलीस तर एमसीएचा विचार मागे ठेवता येईल.

पगाराबद्दल खरं सांगते. मोठ्या कंपन्यांत इंजिनिअरिंगच्या फ्रेशरलासुद्धा गेली कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच पॅकेज आहे, बीएस्सीला त्याहून कमी. सहा महिन्यांच्या क्लासनंतर सहा लाख हे फ्लेक्सवरचं आमिष आहे.

एआयची भीती अगदीच खोटी नाही. २०२१-२२मध्ये कंपन्यांनी भरमसाट भरती केली, त्यानंतर फ्रेशरची भरती आटली आणि नेहमीचा ठरावीक कोड आता ही साधनं झटपट लिहून देतात. पण त्यांनी दिलेलं उत्तर बरोबर आहे की चुकीचं, हे ओळखणारं माणूस लागतंच. वेचणीच्या हिशेबात दुप्पट झालेली बेरीज ज्याने स्वतः एकदा शोधली आहे, त्याला ते ओळखता येतं. म्हणून पहिले सहा महिने या साधनांकडून कोड लिहून घेऊ नकोस. आपला लिही, अडलीस तर 'हे असं का झालं' एवढं विचार, आणि उत्तर पडताळून बघ.

इंग्रजीचं तू विचारलं नाहीस, पण मराठी माध्यमाचं मुद्दाम लिहिलंस, त्यावरून मनात काय आहे ते कळलं. या कामात आधी वाचायचं इंग्रजी लागतं. चूक झाल्याचा संदेश स्क्रीनवर आला की तो शब्दन् शब्द वाचायची सवय लाव, बहुतेक मुलं तो न वाचताच घाबरतात. आणि वेचणीचा प्रोजेक्ट पाच मिनिटांत इंग्रजीतून सांगायचा सराव मोबाइलवर रेकॉर्ड करून कर. मुलाखतीत शेतातल्या हिशेबाचा प्रोजेक्ट ऐकून समोरचा माणूस प्रश्न विचारायला लागतो. तुझा तुला माहीत असल्यामुळे उत्तरं अडणार नाहीत. पाठ केलेल्या शॉपिंग वेबसाइटच्या प्रोजेक्टमध्ये हे होत नाही.

मामांचं म्हणणं उडवून लावू नकोस. एमएस-सीआयटी ही संगणक साक्षरता आहे, तिच्यावर आयटीची नोकरी मिळत नाही. पण सरकारी भरतीच्या अर्जात ती लागते, म्हणून केली नसशील तर करून टाक. टॅलीवर जळगावच्या डाळमिलमध्ये, पाइपच्या कारखान्यात, एखाद्या पतपेढीत काम मिळू शकतं, ते हिशेबनिसाचं काम आहे आणि मानाचं आहे. सीईटीपर्यंतचे काही महिने तसं काम मिळालं तर कर. चार पैसे हाती येतील आणि धंद्यातली माहिती कशी फिरते ते आतून बघायला मिळेल.

शेवटी सहा महिन्यांची घाई. ती आयटीमुळे नाही, हे तूच पत्रात लिहिलं आहेस. स्थळं यायला लागली म्हणून तुला सहा महिन्यांत नोकरी हवी, आणि नेमकी हीच घाई त्या क्लासला हवी असते. मला तुझ्या वडिलांबद्दल फार आदर वाटतो. कापूस घरात आलेला नसताना मुलीच्या शिक्षणासाठी उचल घ्यायला तयार होणारा बाप आहे तो. त्यांना सांग, ८५ हजार नकोत, एमसीएची दोन वर्षं द्या. तोंडी सांगितलं तर भावनेत विषय भरकटेल. मुलींच्या फीमाफीच्या शासन निर्णयाची प्रत सेतूतून छापून आण, जळगावच्या एका कॉलेजचं फीपत्रक आण, त्यावर माफ होणारी रक्कम पेनाने खूण करून दाखव. राहण्याचा आणि मेसचा खर्च वेगळा लिही आणि तो लपवू नकोस. वसतिगृह मुलींचं आहे, पारोळ्याहून जळगाव एसटीने दीड-दोन तासांवर आहे, हे आईला सांग. पुण्याच्या खोलीपेक्षा तिचा जीव इथे कमी टांगणीला लागेल.

आणि हे बोलणं एकटीने करू नकोस. मामांचा शब्द घरात चालतो असं पत्रावरून दिसतं. आधी त्यांना भेट, त्यांच्या सांगण्यावरून एमएस-सीआयटीला नाव घातलं हे सांग, मग हे कागद त्यांच्यासमोर ठेव. वडिलांशी बोलायला त्यांनाच सोबत घे. बैठक १५ तारखेच्या आत घे.

तुझी,
सल्लागार ताई